पैसे घ्यायचे कुणाच्या नावावर

माझ्या अक्षराबद्दल आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंत झाली, आणि त्यातही लावणीच्या दिवसांत मी शाळेत नसायचीच, त्यामुळं ऱ्हस्व-दीर्घाशी माझी कधी नीट ओळख झाली नाही. अक्षर तर असं की मी लिहिलेली यादी वाणी माझ्याकडूनच वाचून घेतो. ही वही मुलीच्या दहावीच्या गणिताची आहे. मागची पानं कोरी राहिली होती म्हणून घेतली. कुणाला दाखवायची नाही. तरी माफी मागितलेली बरी, कारण या अक्षरापायी एकदा चार हजार चारशे रुपये भलतीकडंच निघून गेले, आणि तेच लिहायला बसले आहे.

मी साड्यांना गोंडे करते. नव्या साडीच्या पदराला शेवटी सुट्या दशा असतात. त्यांना पीळ द्यायचा, वर रेशमाचा दोरा गुंडाळायचा, मणी ओवायचे. आमच्याकडं सगळे कानडी शब्दच वापरतात, कुच्चू. बायका साड्या बेळगावच्या शहापुरात आणि वडगावात घेतात, आणि गोंड्यांसाठी विचारत विचारत अनगोळला आमच्या दारात येतात. हे उद्यमबागेत फौंड्रीत कामाला आहेत. माझ्या कामाला सगळे जोडधंदा म्हणतात. मुख्य धंदा म्हणजे भाकरी, धुणं आणि नळाचं पाणी. त्याचा पगार नाही, त्यामुळं त्याचे पैसे कसे घ्यायचे हा प्रश्नही कधी आला नाही.

गोंड्यांचे पैसे कसे घ्यायचे हा प्रश्नसुद्धा सुरुवातीला नव्हता, कारण मागायचे कसे हाच मोठा प्रश्न होता. गिऱ्हाईक विचारायचं, किती झाले? माझ्या तोंडून निघायचं, "द्या तुमच्या मनानं." माणसाचं मन केवढं असतं हे मला तेव्हा समजलं. साधारण दीडशे रुपयांचं असतं. एका बाईंनी दोन दिवसांच्या कामाचे ऐंशी रुपये दिले आणि जाताना म्हणाल्या, "वरचे सुट्टे ठेव गं तुला."

मग मुलीनं पुठ्ठ्यावर भाव लिहून दिले. साधे दोनशे, मण्यांचे चारशे, क्रोशाचे सहाशे. मी तो पुठ्ठा दाराच्या मागं लावला. दार उघडं असलं की तो दिसत नसे, आणि गिऱ्हाईक आलं की दार उघडंच असायचं. मुलीनं महिनाभरानं तो काढून समोरच्या भिंतीवर लावला आणि माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

भाव दिसायला लागले तशी पैशांची दुसरी अडचण सुरू झाली. दोनशे रुपयांसाठी पाचशेची नोट यायची. सुट्ट्यांसाठी मी कोपऱ्यावरच्या दुकानात जायची, तिथं नुसते सुट्टे मागायची लाज वाटून काहीतरी घ्यायची. महिन्याला घरात बिस्किटांचे पुडे जमायचे आणि डब्यात पैसे जमायचे नाहीत. उधारीचं तर विचारू नये. "लग्न झालं की देते गं," असं म्हणून साडी घेऊन जायच्या. लग्नं झाली. एकीचं बाळ रांगायला लागलं, मी त्याला बघून आले, झबलं देऊन आले. पैशांचं बोलणं काढायला ती वेळ बरी नव्हती.

आणि मग एकेक जण म्हणायला लागली, "आता रोख कोण बाळगतंय? नंबर सांगा, फोनवरनं टाकते."

माझ्याकडं तेव्हा बटणांचा फोन होता. त्यावर पैसे येत नाहीत, फक्त माहेरून फोन येतात. हे म्हणाले, "माझ्या नंबरवर घे की. घरातच येत्यात न्हवं?"

घरात यायचे खरे. पण फोन यांच्याबरोबर सकाळी कारखान्यात जायचा आणि संध्याकाळी परत यायचा. त्यामुळं पैसे आले का नाही हे मला दिवस मावळल्यावर कळायचं. चहा ठेवता ठेवता मी विचारायची, "आज त्या वडगावच्या बाईंचे चारशे आले काय?"

"आलेत की."

"मग?"

"मग काय? पेट्रोल टाकलं. तेच न्हवं."

म्हणजे पैसे येत होते, फक्त माझ्यापर्यंत येता येता त्यांचं पेट्रोल होत होतं.

याच्याहून मोठी अडचण नावाची होती. फोनवरून पैसे टाकताना समोर माणसाचं नाव येतं. गिऱ्हाईक ते मोठ्यानं वाचतं आणि विचारतं, "हेच नाव न्हवं? बघा हं, बरोबर हाय का?" नाव इंग्रजीत असतं, मला ते वाचता येत नाही. आणि ऐकायला नको वाटतं. मी यांचं नाव घेत नाही. सासूबाई घेत नव्हत्या, माझी आई घेत नाही, मीही नाही. रेशनच्या दुकानात, बँकेत, शाळेत कुणी विचारलं तर आधार कार्ड पुढं करते आणि माझ्या नावाशेजारी छापलेल्या त्यांच्या नावावर बोट ठेवते. मुलगी म्हणते, "आई, नुसतं नाव तर हाय." नुसतं असेल. पण परकी बाई आमच्या सोप्यात उभी राहून यांचं नाव मोठ्यानं म्हणायला लागली की माझे कान तापायचे. म्हणून तिनं "हेच नाव न्हवं" म्हटलं की मी पुरतं ऐकायच्या आधीच "व्हय व्हय" म्हणून मोकळी व्हायची.

आणि पुठ्ठ्यावरचा नंबर मी स्वतः लिहिला होता. मुलगी शाळेला गेली होती, गिऱ्हाईक दारात होतं, मी स्केचपेन घेतलं आणि मराठी आकड्यांत लिहून टाकला. माझा एक आणि माझा नऊ सख्ख्या बहिणींसारखे दिसतात. त्या दिवशी मी तो मोठ्यानं वाचूनही दाखवला, आणि बाकी सगळ्या ओळखीच्याच बायका, त्यांच्याकडं नंबर आधीचाच होता. त्यामुळं काही बिघडलं नाही.

मग निपाणीकडच्या एक आक्का आल्या. त्यांच्या घरात लग्न होतं. अकरा साड्या, सगळ्यांना मण्यांचे गोंडे, आठ दिवसांत. एकटीला जमण्यासारखं नव्हतं. मी जावेला आणि शेजारणीला बोलावलं. रोज दुपारी तिघी बसायचो. प्रत्येकीला हजार रुपये द्यायचे ठरले. म्हणजे मी ठरवलं. त्या दोघी म्हणाल्या, "दे तुझ्या मनानं." मी मनात म्हटलं, नको बाई, आकडाच सांगते.

साड्या न्यायला आक्का आल्या तेव्हा गडबडीत होत्या, बाहेर रिक्षा थांबवलेली. त्यांनी एकेक पदर उलगडून बघितला, "झ्याक झालंय," म्हणाल्या आणि फोन काढला. पुठ्ठ्यावरचा नंबर बघून दाबत गेल्या.

"नाव काय येतंय बघा हं..."

मी उठले आणि पाणी आणायच्या निमित्तानं आत गेले.

"हेच का हो?" आक्कांनी बाहेरून काहीतरी नाव वाचलं. मी माठाचं झाकण मुद्दाम वाजवलं आणि आतूनच म्हटलं, "व्हय व्हय, तेच."

"मग टाकले हं चव्वेचाळीसशे. गेले बघा." पाणी न पिताच त्या रिक्षात बसल्या.

संध्याकाळी हे आले. मी त्या दिवशी चहाबरोबर पोहेही केले होते. विचारलं, "आलेत न्हवं?"

"काय?"

"चार हजार चारशे."

यांनी फोन बघितला. परत बघितला. पेट्रोलसुद्धा टाकलं नव्हतं. पैसेच आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मुलीनं यांच्या फोनवरून आक्कांना फोन लावला. त्या लग्नघरातून ओरडून बोलत होत्या. "माझ्याकडनं गेलेत की! हिरवी खूण आलीया. मी तर इचारलंतं तुमच्या आईला, नाव वाचून दाखवलंतं. त्या व्हय म्हणाल्या." थोड्या वेळानं त्यांनी त्या हिरव्या खुणेचा फोटो पाठवला. त्यावर नंबर होता आणि नाव होतं. नंबरात एका जागी एकाचा नऊ झाला होता. मुलीनं नाव वाचून दाखवलं. हे ऐकतच राहिले.

"ह्यात माझं एक अक्षर तरी हाय काय? आडनावसुद्धा वेगळं. आणि तू व्हय म्हणालीस?"

 का म्हणाले ते सांगायचं तर तेही जमण्यासारखं नव्हतं.

यांनी त्या नंबरवर फोन लावला आणि पहिल्या वाक्यापासून भांडले. पलीकडच्यानं फोन ठेवला. मग हे अर्धी रजा टाकून बँकेत गेले. तिथं त्यांना सांगितलं की आक्कांनी स्वतः नंबर घालून पाठवलेत, तक्रार आक्कांनीच करायची, आणि समोरच्यानं मनानं परत दिले तर सगळ्यात बरं. म्हणजे बँकसुद्धा माझ्यासारखीच, द्या तुमच्या मनानं.

घरी येऊन हे म्हणाले, "बास झालं आता. ते पैसे पुरते हातात येईस्तोवर नवी साडी ह्या घरात आणायची न्हाय. दोऱ्याच्या नादात माझी रजा गेली."

वाईट वाटलं ते पैशांपेक्षा याचं. चार वर्षांत एक काम असं झालं होतं की ते माझं होतं. गिऱ्हाईक कितीही कमी देवो, "गोंडेवाल्या बाई इथंच राहतात का" असं विचारत ते माझ्या दारात यायचं. ते बंद पडणार होतं. आणि त्या दोघींचे हजार हजार राहिले होते. त्यांनी एकदाही मागितले नाहीत. फक्त नळावर भेटलं की दोघी कांद्याच्या भावाबद्दल बोलायला लागायच्या. कांदा महागला, तेल महागलं, गॅस तर बोलूच नका. मी घागर अर्धी भरली की घरी यायची.

रविवारी हे घरात होते. मी म्हटलं, "फोन लावून द्या. मी बोलते."

"तू?" यांना हसू आलं. मी फोनवर गॅसवाल्याशीही बोलायला मुलीला पुढं करते हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. पण त्यांनी नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला.

"हॅलो," मी म्हटलं. "दादा, ते पैसे... तुमच्याकडं चुकून आलेत."

पलीकडं एक गडी हसला. "आलीस काय? परवा बाप्या हुता, आज बाई. किती जणांची टोळी हाय गं तुमची?"

"टोळी न्हाय हो. खरंच चुकून..."

"सगळीच असं म्हणत्यात. फोन लावला की आधी तेच ऐकवत्यात, चुकून पैसे आले म्हणून कोण सांगाय लागलं तर इस्वास ठेवू नगा म्हणून. मी पाठवायचे, आणि तुम्ही माझं खातं धुवून न्यायचं."

चोर जे बोलतात तेच शब्द माझ्याकडं होते. दुसरे कुठून आणणार?

"बरं," तो म्हणाला, "पैसे कुणाच्या नंबरवर जायचे हुते?"

"आमच्या घरातल्यांच्या."

"घरातले म्हंजे कोण?"

"म्हंजे... मुलीचे वडील."

"त्यांचं नाव?"

मी पदराच्या दशा पिळायला लागले.

"अगं नाव सांग की नवऱ्याचं. का टोळीत अजून नावं ठरली न्हाईत?"

हे समोर भिंतीला टेकून उभे होते आणि हातानं खुणा करत होते, सांग, सांग. मी फोन त्यांच्याकडं द्यायला गेले तर ते मागं सरले. मागच्या वेळी त्यांच्या तोंडून काय काय निघालं होतं ते त्यांना आठवलं असावं.

पलीकडं एक म्हातारा आवाज आला. "कोण हाय रं?"

"चोर हाय, आये. पैसं मागाय लागलीया, आणि नवऱ्याचं नाव सांगंना झालीया."

"सांगंना?" म्हातारी म्हणाली. "आण इकडं तो फोन."

मग तिचा आवाज एकदम कानाशी आला. "कुठली गं तू, बाई?"

"अनगोळची. माहेर उचगाव."

"नाव का सांगंनास?"

"घेत न्हाय मी, आजी."

"कदीच?"

"लग्नात घेतलंतं. उखाण्यात."

  म्हातारी म्हणाली, "मग उखाण्यात घे."

चार हजार चारशे रुपयांसाठी, एका रविवारी सकाळी, न बघितलेल्या म्हातारीपुढं मी उभी राहिले आणि उखाणा घेतला. पदर डोक्यावरून घेतला होता, तिला दिसत नव्हतं तरी.

"मातीच्या चुलीवर दुधाला आली साय, ...रावांचं नाव घेते, आणखी सांगू काय?"

मधलं नाव इथं लिहीत नाही. तेव्हा मात्र ते पुरतं आणि मोठ्यानं घेतलं. भिंतीला टेकलेल्या यांनी अठरा वर्षांनी माझ्या तोंडून स्वतःचं नाव ऐकलं आणि गडबडून "ओ" दिली. मुलगी आतल्या खोलीत पळाली, तिचं हसणं सगळ्या गल्लीला ऐकू गेलं असेल.

पलीकडं म्हातारी मुलाला म्हणत होती, "चोर उखाणा घेतो काय रं, मुडद्या? गरती बाई हाय ती. दे तिचं पैसं."

"आता कुठलं, आये? टायरात गेलं की."

त्याचा टेम्पो होता. निपाणीकडून बेळगावच्या बाजाराला भाजी घेऊन यायचा. टायर गेला होता, हातात पैसे नव्हते, आणि त्याच दिवशी चव्वेचाळीसशे रुपये खात्यात आले. कुणी पाठवले म्हणून त्यानं विचार केला म्हणे. पण टायर घेतल्यावर केला. थोडे थोडे देतो म्हणाला. फोनवर टाकू का असं विचारलं तर म्हातारी मागून ओरडली, "फोनवर नगं! परत कुणाच्या घरात गेलं तर? हातात नेऊन दे."

पुढच्या बाजारादिवशी आमच्या गल्लीच्या तोंडाला टेम्पो थांबला. त्यानं हजार रुपये दिले, नवा टायरही दाखवला. टायर चांगला होता. मी ते हजार शेजारणीला दिले. ती म्हणाली, "काय घाई हुती गं?" आणि त्या दिवसापासून नळावर कांद्याचा भाव उतरला. पुढच्या खेपेचे हजार जावेला दिले. तिनं मोजले नाहीत, पण त्यातली एक नोट फाटकी होती ती मात्र बदलून मागितली.

नवी साडी घ्यायची मनाई अजून उठली नव्हती. यांचा शब्द पुरत्या पैशांवर होता. तोवर रिकामी होते म्हणून मी दुसरं काम करून घेतलं. बायकांच्या संघातून उघडलेलं माझं एक खातं होतं. मुलीला घेऊन बँकेत गेले आणि म्हटलं, मला माझ्या नावाचा स्कॅनर पाहिजे. म्हणजे नंबर लिहायला नको, माझा एक नको आणि नऊ नको, पेट्रोल नको. यांचा जुना फोन मला मिळाला. त्याची काच फुटली आहे, पण पैसे आलेले दिसतात.

स्कॅनर मिळाला तेव्हा मुलीनं त्याखालचं नाव वाचलं. आधी माझं, मग यांचं, मग आडनाव. मी खिडकीतल्या माणसाला हळूच विचारलं, "मधलं काढता येतं का?"

तो म्हणाला, "आधारला जसं हाय तसंच येणार, आक्का."

म्हणजे पैसे माझ्या खात्यात यायची सोय झाली, पण गिऱ्हाईक नाव वाचणार ते मधल्या नावासकट. मी मुलीला सांगून टाकलं, पहिला शब्द माझा ऐकला की व्हय म्हणायचं. मुलगी म्हणाली, "आई, परत तेच?" मग ठरलं की तिन्ही शब्द ऐकायचे, खाली बघून. पैसे आले की बोलणारं एक खोकंही देत होते, महिन्याच्या भाड्यानं. ते घेतलं नाही. मी चार वर्षं "किती झाले" याचं उत्तर तोंडातल्या तोंडात देत आले आहे. ते खोकं सगळ्या गल्लीला ओरडून सांगणार, त्याचं भाडंही मीच भरायचं.

टेम्पोवाल्यानं मधे दोन बाजार चुकवले. भाजीला भाव नव्हता. हे रोज विचारायचे, "काय, आला का तुझा सावकार?" मी भाकरी थापत राहायची. दोन बायका साड्या घेऊन आल्या, त्यांना मी आठ दिवसांनी या म्हटलं. एक दुसरीकडं गेली. तिसऱ्या बाजाराला तो आला, दीड हजार दिले. तीन हजार पाचशे झाले. मग आणखी पाचशे. चारशे राहिले.

शेवटच्या खेपेला टेम्पोत पुढं म्हातारी बसली होती. ती उतरली नाही, गुडघे धरले होते. मीच जवळ गेले. फोनवरच्या आवाजावरून मी तिला जाडजूड समजत होते, ती इवलीशी होती. तिनं कमरेची पिशवी सोडली आणि चारशे रुपये माझ्या हातावर ठेवले, सगळ्या दहा-वीसच्या नोटा.

"मोज," ती म्हणाली.

"राहू दे, आजी."

"मोज म्हनते न्हवं. तुझ्या मनानं नगं, मोजून घे."

हे मागं दारात उभे राहून बघत होते. मी रस्त्यातच उभी राहून मोजले, मोठ्यानं. एक वीसची जास्त निघाली, ती परत दिली. चारशे बरोबर होते. आधीचे चार हजार मिळालेले. पैसे पुरते हातात आले, आणि यांच्याच शब्दानं नव्या साडीवरची मनाई उठली.